फुकटच्या व्याख्यानाची किंमत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलावयाचे म्हणजे चार गोड शब्द बोलावे, मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावा आणि खाली बसावे, असा शिरस्ता आहे. तो आढावा आपल्या चिटणीसबाईंनी इतका नेटका घेतला आहे की माझ्यासाठी त्यांनी काही शिल्लक ठेवलेले नाही. शिवाय कार्यकारिणीने मला निराळेच काम सांगितले आहे. गेल्या महिन्यात मंडळाकडे एक अर्ज आला. 'घर व जमीन यांतून संपत्ती कशी निर्माण करावी' या विषयावर लागोपाठ तीन रविवार मोफत मार्गदर्शन करावयाचे आहे, त्यासाठी आपले सभागृह हवे, आणि भाडे नेहमीच्या दराच्या तिप्पट देऊ, असे त्यात लिहिले आहे. सभागृहाचे पत्रे गळतात हे आपण सर्वजणी जाणता. गेल्या श्रावणात मंगळागौरीच्या खेळांना कोपऱ्यांत दोन बादल्या ठेवूनच आपण फुगड्या घातल्या. तेव्हा तिप्पट भाडे हा काही हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. कार्यकारिणीत दोन मते पडली. माझी सारी नोकरी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत, खरेदीखतांच्या नि गहाणखतांच्या ढिगाऱ्यात गेली असल्यामुळे 'तुम्हीच जरा या विषयावर बोला' असे ठरले.

अर्जदार गृहस्थांविषयी मी बरेवाईट एक अक्षरही बोलणार नाही. त्यांना मी पाहिलेलेही नाही, आणि न पाहिलेल्या माणसाला नावे ठेवणे या व्यासपीठाला शोभणार नाही. मी बोलणार आहे ती या धंद्याच्या माहेराविषयी. हा धंदा वाढला, फोफावला तो अमेरिकेत, आणि तेथे त्याची जी चौकशी झाली ती कोर्टाच्या कागदांत कोणालाही वाचावयास मिळते. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे दोन वेळा सहा-सहा महिने राहणे झाले. बर्फात बाहेर पडता येत नसे, तेव्हा मी हे कागद वाचीत बसे. मुलगी म्हणे, आई, तू निवृत्त झालीस तरी कचेरी काही सुटत नाही!

आता मूळ कथा. १९८० साली रॉबर्ट ॲलन नावाच्या गृहस्थांचे 'नथिंग डाउन' हे पुस्तक निघाले. घर घेताना सुरुवातीची रक्कम म्हणून आपल्या खिशातून काहीच द्यावयाचे नाही, असा त्या नावाचा अर्थ. पुस्तक धडाक्याने खपले. या गृहस्थांनी उघड पैज लावली होती, की मला कोणत्याही शहरात नेऊन सोडा, पाकीट काढून घ्या, हातावर शंभर डॉलर ठेवा, बहात्तर तासांत मी स्वतःचा पैसा न घालता उत्तम मालमत्ता घेऊन दाखवितो. १९८१ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वर्तमानपत्राने ती पैज स्वीकारली, बरोबर वार्ताहर दिला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूस ५७ तासांत त्यांनी सात मालमत्ता घेतल्या. त्यांनी पैज जिंकली, असे त्या वर्तमानपत्रानेच छापले.

यात जादू नव्हती, लबाडीही नव्हती. अमेरिकेत त्या वर्षी घरकर्जाचे व्याज १५ टक्क्यांच्या वर चढले होते. बँकेचे कर्ज कोणाला झेपेना, घरे विकली जाईनात. अशा वेळी विकणाराच अडलेला असतो. तो म्हणतो, 'थोडे पैसे मागाहून द्या, तोवर माझेच कर्ज समजा.' मग उरलेली रक्कम इकडून तिकडून उसनी, दलालाची दलालीसुद्धा वायद्यावर. झाले घर!

पण भगिनींनो, खरेदीखत माझ्यापुढे आले म्हणजे मी त्यातला आकडा आधी पाहत नसे, बोजाचे कलम पाहत असे. घर घेतले हे अर्धेच वाक्य झाले. त्याच्यावर बोजा किती, हे उरलेले अर्धे. समजा, एक लक्ष डॉलरचे घर सगळेच्या सगळे कर्जावर घेतले आणि व्याज बारा टक्के धरले. दरमहा नुसते व्याजच हजार डॉलर. घरपट्टी, विमा, गळके नळ, उडालेली कौले यांचे आणखी तीनशे. भाडे आले नऊशे. म्हणजे दर महिन्याला चारशे डॉलर पदरचे घालावयाचे. अशी सात घरे घेतली म्हणजे महिना अठ्ठावीसशे! सात घरांचा मालक म्हणून मिरवावयाचे आणि पहिल्या तारखेला शेजारणीकडे साखर मागावयास जावयाचे. पैज होती ती 'घेऊन दाखवितो' एवढ्यापुरती. घेतलेले टिकविण्याची पैज कोणी लावली नव्हती.

त्यापुढची गोष्ट पुस्तकाची नव्हे, सभांची आहे. १९८४ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेवरचे बंधन उठले, आणि रात्री उशिरा अर्धा-अर्धा तासाच्या जाहिराती सुरू झाल्या. विमान, नौका, तांबडी मोटार, आणि तिच्याजवळ उभा असलेला हसतमुख गुरू. फ्लॉरिडातील विल्यम मॅकॉर्कल म्हणून एक होते. त्यांच्या जाहिरातींत दिसणारा थाट भाड्याने आणलेला होता, हे पुढे कोर्टात उघड झाले. १९९८ साली नवराबायको दोघेही दोषी ठरली आणि दोघांनाही चोवीस वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. दुसरे जॉन बेक. त्यांचे पुस्तक-तबकड्यांचे पुडके ३९ डॉलर ९५ सेंटला. एवढ्याने कोण मरतो? पण पुडके घेतले की फोन सुरू होत, आणि 'व्यक्तिगत मार्गदर्शना'ची किंमत १४,९९५ डॉलरपर्यंत चढे. ग्राहकांच्या बाजूने भांडणाऱ्या तेथील सरकारी आयोगाने, फेडरल ट्रेड कमिशनने, २००९ साली खटला भरला आणि २०१२ साली ४७ कोटी ८० लक्ष डॉलरचा हुकूमनामा झाला. हुकूमनामा झाला म्हणजे तेवढे पैसे लोकांना मिळाले असे मात्र समजू नका. हुकूमनामा आणि वसुली यांत केवढे अंतर असते हे आमच्या कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक असे.

अशी सभा असते तरी कशी? आपल्याला ओळखीची उपमा द्यावयाची तर ती कीर्तनासारखी असते. पूर्वरंगात बुवा स्वतःची कथा सांगतात. मी किती दरिद्री होतो, मोटारीत झोपत होतो, आणि एके दिवशी मला मार्ग सापडला. उत्तररंगात भक्तांची आख्याने. अमुक एक न्हावी, तमुक एक शिक्षिका, तीन महिन्यांत नोकरी सोडली. अधूनमधून गजर असतोच; हात वर करा, शेजारच्याला सांगा, 'मी श्रीमंत होणार!' आणि शेवटी आरतीचे तबक. आपल्या कीर्तनात मात्र तबकात कोण काय टाकते ते बुवा पाहत नाहीत, आणि पदराला तर हात मुळीच घालीत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१४ सालच्या जूनमध्ये मुलीच्या शेजारच्या एका विधवा बाईंना अशा सभेचे आमंत्रण आले. नवऱ्याच्या विम्याचे पैसे त्यांच्या हाती नुकतेच आले होते. त्यांनी मुलीला सोबत येण्याची गळ घातली, आणि मुलीबरोबर मीही गेले. हॉटेलातला मोठा दिवाणखाना, शंभर-सव्वाशे माणसे, बहुतेक साठीच्या आसपासची. बाहेर उन्हाचा तडाखा आणि आत एवढा गारठा की मला शाल लपेटून बसावे लागले. व्याख्याते तरुण, बोलण्यात चतुर. मला त्यांचे इंग्रजी सारे कळले नाही, परंतु 'आज, आत्ता, फक्त पहिल्या वीसजणांना' हे शब्द समजण्यास इंग्रजी फारसे लागत नाही. मागल्या बाजूस मेज मांडून तीन मुली कार्डाची यंत्रे घेऊन बसल्या होत्या.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी एका चिठ्ठीवर प्रश्न लिहिला आणि मुलीने तो उठून वाचला. प्रश्न एवढाच, की 'आपण घेतलेल्या घरांपैकी तीन घरांचे दस्त कोणत्या कौंटीच्या कचेरीत नोंदलेले आहेत ते सांगाल काय?' तिकडे कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तेथील दस्तांची नोंद सर्वांना खुली असते, कोणीही जाऊन पाहावी. व्याख्याते क्षणभर थांबले. मग हसून म्हणाले की असे प्रश्न विचारणारी माणसे आयुष्यभर भाड्याच्या घरात राहतात. सगळी सभा हसली, आणि टाळ्या पडल्या. मुलीचे तोंड लाल झाले.

मला राग आला नाही, नवल मात्र वाटले. प्रश्न विचारणाऱ्याने त्या सव्वाशे माणसांचे काय वाईट केले होते? त्यांच्याच पैशाची विचारपूस केली होती. पण सभेत बसलेल्या माणसाला आशा लागलेली असते, आणि आशेच्या आड येणारा माणूस त्याला गुरूपेक्षा अधिक परका वाटतो.

शेजारच्या बाईंनी दीड हजार डॉलरचे तीन दिवसांचे शिबिर घेऊन टाकले. घरी आल्यावर मुलीने त्यांना पावतीच्या मागचा मजकूर वाचून दाखविला. अमेरिकेत असा नियम आहे की हॉटेलासारख्या तात्पुरत्या जागी अशी वस्तू किंवा सेवा विकली तर घेणाऱ्याला कामाच्या तीन दिवसांत लेखी कळवून सौदा मोडता येतो. बाईंनी दुसऱ्या दिवशी पत्र टाकले आणि दीड महिन्याने पैसे परत आले. मात्र बाई आमच्यावर नाराजच राहिल्या. आपली एक संधी या परदेशी म्हातारीने घालविली, असे त्यांना वाटत असावे. पुढे रस्त्यात दिसल्या तर मान हलवीत, थांबत नसत.

त्या गारठ्याचा उलगडा मला दोन वर्षांनी झाला. 'ट्रम्प युनिव्हर्सिटी' नावाची संस्था २००५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली होती. नाव विद्यापीठाचे; पण परवाना नसता विद्यापीठ म्हणविता येत नाही, असे न्यूयॉर्कच्या शिक्षणखात्याने तिला त्याच वर्षी बजाविले होते. तरी नाव बदलले ते २०१० साली, दुकान बंद होण्याच्या सुमारास. हिचा जिना असा: दीड तासाची सभा फुकट, तेथून तीन दिवसांचे शिबिर १,४९५ डॉलर, आणि तेथून वरचा वर्ग ३४,९९५ डॉलर. शिक्षक ट्रम्प यांनी स्वतः निवडलेले, असे जाहिरातीत होते. संस्थेच्या अध्यक्षांनी जबानीत सांगितले की सभांतील शिक्षक ट्रम्प यांनी निवडले नव्हते. विद्यार्थ्यांचे छायाचित्र निघे ते ट्रम्प यांच्या पुठ्ठ्याच्या पूर्णाकृतीशेजारी! न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१३ साली दावा लावला, तेव्हा पाच हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे चार कोटी डॉलर भरल्याचे त्यात म्हटले होते.

२०१६ साली कॅलिफोर्नियातील न्यायाधीश गोन्झालो क्युरिएल यांनी या संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेली नियमपुस्तके खुली केली. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने तशी मागणी केली होती. भगिनींनो, ती मी अथपासून इतिपर्यंत वाचली. मास्तरणीने पाठाचे टाचण काढावे तशी ती आहेत. खोलीचे तपमान ६८ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे आपले वीस अंश. लोकांकडून त्यांच्या मिळकतीची आणि कर्जांची माहिती भरून घ्यावी, म्हणजे कोणाकडून काय निघेल ते समजते. पैसे नाहीत म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे, घरी विचारून सांगतो म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे, सारे लिहिलेले. सरकारी वकील सभेत आला तर कोणाला कळवावे, हेसुद्धा लिहिलेले आहे. जो शाळा चालवितो त्याला वर्गात सरकारी वकील येईल अशी धास्ती का वाटावी, हे मला काही उमगले नाही.

हे सर्व उजेडात कसे आले? सरकारने आणले, हे खरे, पण सरकार मागाहून आले. पहिला दावा २०१० साली कॅलिफोर्नियातील एका विद्यार्थिनीने लावला. ती कोणी पुढारी नव्हती, तिने या शिक्षणात स्वतःचे हजारो डॉलर घातले होते. तिने तक्रार केली, तर संस्थेने उलट तिच्यावरच बदनामीचा दावा लावला आणि दहा लक्ष डॉलर मागितले. शिवाय संस्थेने तिचेच जुने अभिप्रायपत्र पुढे केले. 'पाहा, शिबिराच्या वेळी हिने आम्हांला उत्तम म्हटले होते!' शंभरातले ९८ विद्यार्थी संतुष्ट होते, असाही संस्थेचा दावा होता. यावर २०१३ साली वरच्या न्यायालयाने जे म्हटले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपण नागविले गेलो आहोत हे कळेपर्यंत फसलेला माणूस पुष्कळदा फसविणाऱ्याचेच गुण गात असतो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. संस्थेचा बदनामीचा दावा फेटाळला गेला आणि २०१५ साली तिच्या वकिलांच्या खर्चापोटी सुमारे आठ लक्ष डॉलर देण्याचा हुकूम संस्थेवर झाला. पण मधली पाच वर्षे त्या बाईने कशी काढली असतील! दहा लाख डॉलरचा दावा डोक्यावर घेऊन रोज स्वयंपाक करावयाचा, कामावर जावयाचे, हे कोणाला मागाहून भरून देता येत नाही.

पुढे ट्रम्प राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, आणि निवडणुकीनंतर दहा दिवसांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, अडीच कोटी डॉलरवर सारे दावे तुटले. गुन्हा कबूल नाही, पण पैसे परत, अशी तडजोड. फ्लॉरिडातील एका विद्यार्थिनीने तिला हरकत घेतली. पैसे नकोत, उघड सुनावणी होऊ द्या, असे तिचे म्हणणे. २०१८ साली न्यायालयाने तिची हरकत नाकारली. तडजोडीत बहुतेकांना आपल्या पैशांचा मोठा भाग मिळाला, तेव्हा न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्या बाईंचे म्हणणेही मला पटते. पैसे मिळाले आणि निवाडा राहिला.

आता ज्यांना टीकाकार म्हणतात त्यांच्याविषयी. त्यांत जॉन टी. रीड यांचे नाव प्रथम घ्यावयास हवे. हे गृहस्थ वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयातून अधिकारी झालेले, मागाहून हार्वर्डला व्यवसायशास्त्र शिकलेले, आणि स्वतः भाड्याच्या इमारती बाळगून अनुभव घेतलेले. त्यांनी घरजमिनीच्या गुरूंची एक यादीच केली, कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये अशी. रीत अगदी साधी. गुरूचे पुस्तक ओळीओळीने वाचावयाचे. त्यात कायद्याविरुद्ध काय आहे, गणितात काय बसत नाही, ते दाखवावयाचे. आणि जो माणूस 'माझी इतकी घरे आहेत' म्हणतो त्याला ती कोठे आहेत असे विचारावयाचे. आमच्या कचेरीतही यापेक्षा निराळे काय करीत होतो आम्ही!

त्यांची सर्वांत गाजलेली टीका रॉबर्ट कियोसाकी यांच्या 'रिच डॅड पुअर डॅड' या १९९७ च्या पुस्तकावर आहे. हे पुस्तक मराठीतही आले आहे, आणि आपल्यापैकी कित्येकींच्या मुलांच्या टेबलावर असेल. त्यात हवाई बेटांतल्या एका श्रीमंत बापाची शिकवण आहे. रीड यांनी विचारले, हा बाप कोण? नाव, गाव, मालमत्ता काही सांगा. २००३ साली एका मासिकाने हेच विचारले, तेव्हा कियोसाकींनी हॅरी पॉटरचे उदाहरण दिले. तो तरी खरा आहे का, तसेच याला एक मिथक राहू द्या, असा सूर. पुष्कळ वर्षांनी हवाईतील एका हॉटेलमालकांचे नाव पुढे आले, हेही सांगितले पाहिजे. गोष्टीत कल्पित बाप असण्यास माझी हरकत नाही, आपल्या पुराणांत काय थोडे आहे? पण हॅरी पॉटर वाचून कोणी कर्ज काढीत नाही. कियोसाकींच्या नावाने चालणाऱ्या शिबिरांत २०१० साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीचे वार्ताहर छुपा कॅमेरा घेऊन बसले, तेव्हा शिक्षक विद्यार्थ्यांना सांगत होते की कार्डाच्या कंपनीला फोन करा आणि कर्जाची मर्यादा वाढवून घ्या. २०१२ साली सभा भरविणाऱ्या एका संस्थेचे सुमारे दोन कोटी चाळीस लक्ष डॉलर देण्याचा निकाल कियोसाकींच्या कंपनीविरुद्ध लागला, आणि कंपनीने दिवाळे काढले. गृहस्थांनी नव्हे, कंपनीने. ही खुबी मात्र त्यांच्यापासून खरोखर शिकण्यासारखी!

रीड हेही पुस्तके विकतात, हे मी लपवीत नाही. त्यांची भाषा तिखट आहे आणि एखाद्याच्या मागे लागले म्हणजे सोडीत नाहीत. काहीजण म्हणतात, हा तर प्रतिस्पर्धी दुकानदार. असेल. पण टीकाकार संत असला पाहिजे असा हट्ट धरला तर दस्त कोणी तपासावयाचेच नाहीत. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, एवढे आपण पाहावे. उत्तर द्यावयाचे सोडून विचारणाऱ्याचे तोंड बंद करण्याची खटपट दिसली, म्हणजे समजावयाचे ते समजावे. २०१९ साली युटा राज्यातील झुरिक्स नावाच्या कंपनीवर सरकारी आयोगाने खटला भरला. त्यात एक आरोप असा होता की पैसे परत मागणाऱ्यांकडून कंपनी लिहून घेई, की आम्ही सरकारकडे तक्रार करणार नाही आणि कोठे वाईट अभिप्रायही लिहिणार नाही. पुढे २०२२ साली तडजोडीत त्या कंपनीला एक कोटी वीस लक्ष डॉलर भरावे लागले. आपलेच पैसे परत घेण्यासाठी आपलीच जीभ गहाण ठेवावयाची! असले गहाणखत माझ्या सबंध नोकरीत मी नोंदविले नाही.

कोणी म्हणेल, बाई, घरजमिनीत पैसा मिळतच नाही का? मिळतो की. आपल्या गावातही मिळविलेले लोक आहेत. पण त्यांनी तो हळूहळू मिळविला आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाला मी हॉटेलात शंभर माणसे जमवून गुपित सांगताना पाहिले नाही. भाडेकरूंच्या कटकटीतून त्यांना सवड कोठली? ज्याला सभा घेण्यास वर्षभर सवड आहे त्याची मिळकत सभेतून होते. हे चूक नाही, शिक्षकही पगार घेतोच. पण मग तसे सांगावे. घरे घेऊन श्रीमंत झालो म्हणू नये, घरांविषयी बोलून झालो म्हणावे.

आता आपल्या सभागृहाचा प्रश्न. घर विकून देणाऱ्या दलालाला आपल्या राज्यात २०१७ पासून महारेराकडे नोंदणी करावी लागते. नुसते व्याख्यान देणाऱ्याला ती लागत नाही. म्हणजे चौकशी करावयाची तर ती जागा देणाऱ्यानेच, आणि आपल्या सभागृहाच्या बाबतीत ती आपणच. लोक आपल्या मंडळाची पाटी पाहून आत येणार आहेत. 'महिला मंडळात आहे म्हणजे बरेच असेल' असे म्हणूनच आपल्या शिवणवर्गातल्या मुली येतील, बालवाडीच्या मदतनीस येतील, आणि निवृत्तीचा फंड हाती आलेल्या आपल्यासारख्याही येतील. त्या विश्वासाचे भाडे अर्जात धरलेले नाही.

तरीही सरसकट नकार द्यावा असे माझे मत नाही. कार्यकारिणीतल्या ज्या भगिनी होकार द्या म्हणतात त्यांना पत्र्यांची काळजी आहे, आणि ती खरी आहे. अर्जदारांना आपण लिहावे, की आपण स्वतःच्या नावे घेतलेल्या पाच मालमत्तांचे दस्त क्रमांक, वर्ष आणि नोंदणीची कचेरी कळवावी. सूची क्रमांक दोनचा उतारा मी स्वतः काढून पाहीन, त्यासाठी मंडळाला खर्च नको. तिसऱ्या रविवारी शेवटी काय विकावयाचे आहे आणि त्याची किंमत काय, ते पहिल्याच रविवारी दारावरच्या फळ्यावर मराठीत लिहावे. सभागृहात आणि अंगणात कोणाकडून पैसे, कार्ड, मोबाइलवरची भरणा, काहीही घेऊ नये. घ्यावयाचे तर दुसऱ्या दिवशी, त्यांच्या स्वतःच्या कचेरीत. आणि शेवटचा अर्धा तास श्रोत्यांच्या प्रश्नांचा, त्या वेळी व्यासपीठावर अध्यक्षीणबाई बसतील. एवढे मान्य असेल तर भाडे नेहमीच्याच दराने घ्यावे. तिप्पट नको.

राहिला पत्र्यांचा प्रश्न. गवंड्याने सांगितलेला आकडा चिटणीसबाईंच्या अहवालात आहेच. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी यंदा पंधरा दिवस आधी घेतल्या आणि चकलीचे भाव गेल्या वर्षीचेच ठेवण्याचा संकोच सोडला, तर अर्धी रक्कम त्यातूनच उभी राहावी. हिशेब मी करून पाहिला आहे. उरलेल्या अर्ध्याचे तेवढे बघावयाचे आहे.

कार्यकारिणीची बैठक येत्या गुरुवारी चार वाजता आहे. अर्जदारांना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो आता चिटणीसबाईंच्या हाती देते. ज्यांना वाचावयाचा असेल त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावा. शुद्धलेखनाच्या चुका असल्यास पेन्सिलीने दुरुस्त कराव्यात, शाईने नको.